आवडाबाईंचा पाय

आवडाबाईंचं सगळं आयुष्य मिठागरात गेलं. तिथेच पायात काच घुसली. अंगात साखर, त्यामुळे जखम चिघळली, तेव्हा मुलगा हिरामण त्यांना अलिबागच्या एका खासगी दवाखान्यात घेऊन आला. पट्टी बदलायला नेत्रा सिस्टर होती.

"लय ठणकतंय गो. घोट्याच्या वर चढलंय," आवडाबाई तिला सांगत. पाय गरम लागत होता, जखमेला वास येत होता. नेत्राने ते राउंडला डॉक्टरांच्या कानावर घातलं.

"काय आजी, दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

आवडाबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला. "न्हाय ओ डॉक्टर. तुमच्या हाताला गुण हाय."

यात लबाडी नव्हती. गुण आला नाही असं डॉक्टरच्या तोंडावर म्हणणं म्हणजे त्याच्या हाताला नावं ठेवणं, आणि एवढा उद्धटपणा आवडाबाईंनी जन्मात केला नव्हता. डॉक्टर मात्र हसले. "सिस्टर, तुम्हालाच जास्त दुखतंय वाटतं!" सगळा वॉर्ड हसला. जिच्यासाठी बोलायला गेली तिनेच नेत्राला तोंडघशी पाडलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली तर वास वाढलेला. आवडाबाई पुन्हा कण्हल्या. "मला कशाला सांगता? त्यांना सांगा," नेत्रा तुटकपणे म्हणाली आणि नवी पट्टी बांधून मोकळी झाली. डॉक्टर आले, आवडाबाईंनी पुन्हा बरं असल्याचं सांगितलं, घरी सोडायचं ठरलं. नेत्रा पलंगापाशीच होती. एकदा पट्टी उघडून बघा, एवढं म्हणायला तिचं काय जात होतं? पण ती सलाईनचा स्टँड सरकवत राहिली. मानापमानाला हीच वेळ सापडावी, याची हे सांगतानाही मला चीड येते.

घरी गेल्यावर ताप चढला. मुंबईला नेऊन पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

ते कळलं तेव्हापासून नेत्राला चैन नव्हती. शेवटी सुट्टी काढून ती त्यांच्या घरी गेली. आवडाबाई ओटीवर बसल्या होत्या.

"ये गो. तुझी काय चूक न्हाय. मीच तुला खोटी पाडली."

नेत्राला रडू फुटलं. "नाही हो मावशी. दुसऱ्या दिवशी मला सगळं दिसत होतं. तुमचा राग आला होता, म्हणून गप्प बसले."



"मंग माझ्यावर वरडायचं व्हतंस," आवडाबाई म्हणाल्या. "डॉक्टरशी बोलायची कशाला थांबलीस गो?"