दिवाणाच्या पोटातलं

मित्रांनो, मी एक जुना दिवाण आहे आणि घर आवरणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे माझ्याकडून गोडगोड बोलण्याची अपेक्षा तुम्ही ठेवणार नाही.

त्यातही एकीचा राग जास्त. ती या घरातली मुलगी. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, पण दर दोन-तीन महिन्यांनी आईचं घर आवरायला हजर. आईच्या घरातला शेवटचा साधा दिवस मला आठवतो, तो तिच्या आवाजासकट. सकाळीच आली, चपला काढायच्या आधी खिडकी उघडली आणि म्हणाली, “काय हा कोंदट वास!” मग बाह्या वर करून जमिनीवर तीन ढीग मांडले. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. आई माझ्यावर बसून होती. मुलगी हात धुवायला आत गेली की आई काठीच्या टोकाने टाकायच्या ढिगातली एखादी वस्तू ओढायची आणि ठेवायच्या ढिगात सारायची.

“आई, या किटलीला तोटी नाहीये.”

“मग? मला दात नाहीत. मलाही टाक.”

“चेष्टा पुरे. तुझ्यामागे हे सगळं मलाच निस्तरावं लागणार आहे.”

“मग तेव्हा निस्तर. आत्ता मी आहे ना!”

मुलीने आईची काठी उचलली आणि दाराआड नेऊन ठेवली. संध्याकाळपर्यंत काळ्या पिशव्या भरल्या, त्यांची तोंडं करकचून बांधली, फाटकाशी रांगेत मांडल्या आणि “येते” म्हणाली. आई “हं” म्हणाली. एवढाच निरोप. दुसऱ्या दिवशी सकाळी आई माझ्यावरून उठली नाही.

आता माझी जन्मकथा. ती ऐकायचीच असते. या मुलीच्या वडिलांनी सुताराला सांगितलं, “घर लहान आहे, याचं पोट मोठं ठेव.” सुतार कामाला चोख, पण त्याने भिंत मोजली, दार मोजलं नाही. मी तयार झालो आणि दारातून आत येईना. शेवटी माझे पाय अर्धे कापले, मला आडवं करून आत ढकललं. तेव्हापासून मी बुटका. माझ्यावरून उठताना प्रत्येक माणूस कण्हतो आणि दोष गुडघ्यांना देतो.

सुरुवातीची वर्षं मानाची होती. आल्यागेल्याला आधी मी. पाहुणे गादी दाबून पाहायचे आणि “ऐसपैस आहे हो!” म्हणायचे. मुलांनी माझ्यावर उड्या मारल्या, अभ्यासाच्या नावाखाली झोपा काढल्या. वडील गेले, मुलगा नोकरीनिमित्त दूर गेला, मग मुलगी गेली. आई आतली खोली सोडून बाहेर माझ्यावर झोपायला लागली. माझं कौतुक तिथे संपलं. माझ्याकडे कोणी बघेना. मुलगी तर फक्त माझ्या फळीकडे बघायची.

“हा दिवाण उघडू दे एकदा.”

“पुढच्या वेळी.”

“दर वेळी पुढच्या वेळी! आत काय दडवलंयस एवढं?”

“असू दे काहीतरी. तुझं काय जातंय?”

माझ्या पोटात काय होतं ते त्या घरात फक्त आईला आणि मला ठाऊक होतं. ते घेऊन मी गुपचूप पडून राहिलो. पोट फुगलं, एक फळी वाकली. कोणी विचारलं नाही.

आई गेल्यानंतर काही आठवड्यांनी भाऊ-बहीण घर रिकामं करायला आले. घर दुसऱ्याला द्यायचं ठरलं होतं. भाऊ मोठा. बहीण दारात दिसली तसा म्हणाला, “या, स्वच्छतामंत्री! आता तुम्हाला अडवायला कोणी नाही.”

“तू कधी एक भांडं तरी उचललंस का, दादा?”

“मी आईला छळत नव्हतो, एवढंच.”

“फोन करायला बोटं झिजत होती तुझी. छळशील कसा?”

दिवसभर असंच. एकाने उचललं की दुसऱ्याने फणकारायचं. मग कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात भावाचं सगळं होतं. त्याचं पहिलं झबलं, दुधाची बाटली, शाळेत मिळालेले पेले, तुटकी बॅट, दुसरीत काढलेलं जहाजाचं चित्रसुद्धा. प्रत्येक वस्तू कागदात गुंडाळलेली. बहिणीने खालचा कप्पा पाहिला, ट्रंक पाहिली, माळ्यावर चढून पाहिलं. तिचं काहीच नव्हतं. शाळेचा एक फोटोसुद्धा नाही.

“मिळेल गं,” भाऊ म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला होता.

“कुठे मिळेल? घर संपलं.” मग ती माझ्याकडे वळली. “हा राहिलाय.”

भंगारवाला दारात येऊन उभाच होता. माझ्याकडे पाहून म्हणाला, “हा फुगलाय, आता दारातून जायचा नाही, ताई. फोडूनच न्यावा लागेल.”

“आहे तसा फोड,” भाऊ म्हणाला. “उघडू नकोस. काही नसलं तर उगाच जिवाला लावून घेशील.”

“आई याच्यावरून उठायची नाही, दादा. कोणी बघू नये म्हणून उठायची नाही. यात माझं काहीतरी आहे.”

मित्रांनो, मला त्या क्षणी आनंद झाला. खोटं कशाला बोलू? ज्या बाईने इतकी वर्षं आवरा-आवरा करून आम्हा सगळ्यांचा जीव नकोसा केला, ती माझ्यापुढे गुडघे टेकून बसली होती आणि माझ्याकडेच मागत होती. तिने गादी ओढून काढली, बोटं घालून फळी उचलली.

आत काळ्या पिशव्या होत्या. गच्च, एकावर एक. तिनेच भरलेल्या, तिनेच बांधलेल्या. दर वेळी ती वळणावर दिसेनाशी झाली की आई फाटकाशी जायची आणि एकेक पिशवी छातीशी धरून परत आणायची. शेवटच्या दिवशीच्या सर्वांत वर होत्या. आईने त्यांतली एकही गाठ सोडली नव्हती.

बहिणीने तळातली एक पिशवी ओढली आणि फाडली. फाटके अभ्रे निघाले, डबे नसलेली झाकणं, वाळून कडक झालेला स्पंज. ती ते सगळं उलटंसुलटं करून पाहत राहिली, जणू मध्ये काहीतरी लपलं असेल.

“कचराच आहे,” ती म्हणाली. “तिने माझं काय ठेवलं, तर कचरा.”

भाऊ हसला. ते हसणं चांगलं नव्हतं. “तू बाहेर काढत होतीस, ती आत आणत होती. वा! कशाला आणत होती ते तरी कळतंय का तुला?”

“वेड लागलं होतं तिला.”

“घर एकदा आवरून झालं असतं, तर तू परत आली असतीस?”

ती त्याच्यावर धावून जाईल असं मला वाटलं. हातातलं झाकण तिने उगारलंही. मग ते हळूच पिशवीत परत ठेवलं.

भंगारवाल्याने हातोडा खाली टेकवला. “मी बाहेर थांबतो, ताई,” असं म्हणून तो गेला. भाऊही मागोमाग गेला.

मित्रांनो, अशा कथेच्या शेवटी ‘मला जपा’ म्हणायची रीत आहे. मी म्हणणार नाही. मला फोडा, जाळा, माझं लाकूड कुठेही लावा. जपायचं ते माणसाने माणसाला वेळेवर जपावं, आणि ते या दोघींना जमलं नाही. मलाही ते जमवून देता आलं नाही, मी फक्त सगळं गिळत गेलो.

ती माझ्या काठावर बसली, पिशव्यांमध्ये पाय सोडून. खोलीत कोणी नव्हतं, तरी ती मोठ्याने बोलली. भांडल्यासारखीच.

“आई, मला आवरायची काडीची हौस नव्हती. मला नुसतं यायचं होतं गं. पण नुसतं आले म्हटलं असतं, तर तू म्हणाली असतीस, ‘का? काय काम काढलंस?’”