डाव्या दाराचं पॅड

झाहाराने बटण सोडलं, पॉलिशचं मशीन पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मगच ते गाडीच्या दारावरून उचललं. फिरतं पॅड उचललं की मेण भिंतीपर्यंत उडतं, हे ती शिकाऊ असताना स्वतःच्या तोंडावर झेलून शिकली होती. तिने पॅड उलटं केलं. ते पांढरंच्या पांढरं होतं.

तिने बाकाकडे पाहिलं. बोनेट, टप, डिकी, पुढचे दोन मडगार्ड, उजवं दार. प्रत्येक भागाला वेगळं पॅड, आणि आतापर्यंतची सहाही निळी झालेली. जुना रंग असाच असतो. मेण घासताना वरचा मेलेला थर पॅडवर उतरतो. मग हे एकटं डावं दार सोवळ्यात कसं? ज्या रंगावर पारदर्शक थर असतो तोच पॅडला डाग देत नाही, आणि चौऱ्याहत्तर सालच्या या गाडीवर कारखान्यातून तसला थर आलेला नव्हता.

"हे दार पुन्हा कधी रंगवलं?" तिने मागे उभ्या असलेल्या बून कियाटला विचारलं.

तो गाडीच्या मालकाचा त्रेपन्न वर्षांचा मुलगा. त्याचा चेहरा पडला.

"हळू बोल, ताई. बाबा समोरच कॉफी पीत बसलेत."

मग त्याने सांगून टाकलं. तो सतरा वर्षांचा असताना बाबा आठ दिवस सिंगापूरला गेले होते. याने न विचारता गाडी काढली आणि फाटकाच्या खांबाला घासली. मग शाळा बुडवून, मित्राच्या मामाच्या गॅरेजात, सहा दिवस खपून दार ठोकलं, घासलं, रंगवलं.

"त्यांना आजतागायत पत्ता नाही," तो म्हणाला. "ते पॅड आत टाक ना. नाहीतर बोनेटवर दोनदा फिरव, होईल निळं."

झाहाराला ते झोंबलं. वापरलेली पॅड धुण्याआधी गिऱ्हाइकासमोर ओळीने मांडायची, ही तिची एकोणीस वर्षांची रीत. पलीकडच्या रस्त्यावरच्या मोठ्या दुकानात दिव्यांचा लखलखाट होता. ती आपली मळकी पॅड दाखवायची, आणि सगळं तैपिंग गाव तिच्याकडेच यायचं. याचा तिला गर्व होता आणि तो ती लपवतही नसे.

"मी गिऱ्हाइकापासून पॅड लपवत नाही. तू सांग, नाहीतर पॅड सांगेल."

"माझ्याने नाही सांगवणार. पन्नास वर्षं एकच रंग, असं ते गावभर सांगतात. रविवारी माझी पोर नवरी होऊन याच गाडीतून जाणार, तेव्हा व्याह्यांसमोरही सांगतील. मिरवायला त्यांच्याकडे दुसरं आहे काय?"

तेवढ्यात काठी टेकत त्याचा बाप, म्हातारा ओंग तेइक हुआत, समोरच्या कॉफीच्या दुकानातून आलाच. चौऱ्याऐंशी वर्षांचा, पण शर्टाला कडक इस्त्री. त्याने गाडीला एक फेरी मारली, बोनेटच्या चकाकीत पाहून भांग नीट केला आणि बाकाशी आला. झाहाराने सातवं पॅड रांगेत ठेवून दिलं होतं. म्हातारा तिथे थबकला.

"कियाट, मला कॉफी आण. बिनसाखरेची."

"आत्ताच तर पिऊन आलात."

"मग दुसरी पितो. या वयात कोण मोजतंय?"

बून कियाट रस्ता ओलांडून गेला. म्हाताऱ्याने पांढरं पॅड उचललं.

"अंकल, ते डाव्या दाराचं आहे," झाहारा म्हणाली. "मला खोटं बोलता येणार नाही."

"कशाला बोलतेस? मला सिंगापूरहून आलो त्याच दिवशी कळलं. गाढवाने दार रंगवलं, पण फाटकाच्या खांबाला लागलेला निळा रंग पुसायचं विसरला."

"मग ओरडला नाहीत?"

"ओरडायलाच निघालो होतो. आधी म्हटलं दार बघू." त्याने पॅडवरून अंगठा फिरवला. "शाळेत तीन विषयांत गटांगळ्या खाणारं पोर. मास्तर मला बोलावून त्याचा उद्धार करायचे. आणि त्याने रंग असा जुळवला होता की अर्धा तास शोधूनही मला जुन्या-नव्या रंगाचा सांधा सापडला नाही. म्हणून लोकांना धरून आणतो. एकच रंग आहे म्हणतो आणि बघत राहतो, कुणी दार ओळखतं का. छत्तीस वर्षांत एकालाही जमलं नाही."

"आम्हाला वाटायचं, तुम्ही गाडीचं कौतुक करता."

"गाडीचं कसलं कौतुक? गाडी कुणीही विकत आणतो."

झाहाराने वळून दाराकडे पाहिलं.

"मग त्याला सांगत का नाही?"

"सांगितलं की माफी मागत बसेल. मला त्याची माफी नकोय."

बून कियाट दोरीने बांधलेली कॉफीची प्लास्टिकची पिशवी घेऊन परतला आणि वडिलांच्या हातातलं पांढरं पॅड पाहून जागीच थांबला.

"बाबा, ते दार..."

"सगळ्यांत चांगलं झालंय," म्हातारा म्हणाला. "रविवारी नवरीला त्याच दाराने बसव. फोटोत ते दार आलं पाहिजे."

म्हाताऱ्याने मुलाच्या हातातली कॉफी काढून घेतली आणि पांढरं पॅड त्याच्या तळव्यावर ठेवलं.