भिंगरी मावशीचे दात

ओळखलंत का? नाही ना. असू द्या. डबी उघडून मला पाहणारा प्रत्येक माणूस आधी दचकतो आणि मग हसतो, मला सवय आहे.

मी दातांची पट्टी. वरचे चार दात, गुलाबी हिरडी आणि दोन्ही टोकांना तारेचे आकडे. मधले दोन दात फावड्यासारखे रुंद, त्यातला उजवा जरा तिरका. मी आजवर भाकर चावली नाही की ऊस सोलला नाही. ओठांबाहेर यायचं आणि माणसं हसवायची, एवढंच माझं काम. ते मी असं केलं की अजूनही भंडारा-गडचिरोलीकडच्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा, 'भिंगरी मावशी आठवते का गा?' त्याला आधी मी आठवेन, मग मावशी. बढाई वाटते ना? आहेच. सगळा जन्म तोंडात गेला, तोंड बंद ठेवायला मी शिकले कुठे?

माझा जन्म नागपूरचा, सक्करदऱ्याचा. तळ्याकडे जाणाऱ्या गल्लीत दादाजींचं कवळ्या बनवायचं दुकान होतं. दादाजी आयुष्यभर म्हाताऱ्यांना असे दात करून देत की शेजाऱ्यालाही कळू नये. एक दिवस सकाळीच एक ठेंगणी, सावळी बाई दुकानात शिरली. पांढरी साडी, खांद्याला झोळी आणि तोंडात एकदम सरळ, सुंदर दात.

"दादाजी, मले असे दात करून द्या का लोकाईनं पाह्यल्याबरोबर हसलंच पाह्यजे."

दादाजींनी चष्मा वर केला. "बाई, मी बिघडलेले दात नीट करतो. नीट दात बिघडवाचं काम मले येत नाही."

"मंग शिका ना जी. मी नाटकवाली हाये. हिरोइनीची माय बनून बनून कंटाळली मी. रडून रडून डोळे सुजले, पण टाळी एक नाही पडली."

दादाजी हसले आणि तिथेच फसले. त्यांनी तिच्या जबड्याचं माप घेतलं, साचा केला, मला घडवलं. शेवटी मशीन बंद करून त्यांनी मला उजेडात धरलं, थोडा विचार केला आणि उजवा दात मुद्दाम तिरका केला. "आता झालं," म्हणाले. त्या बाईचं नाव सत्यवती. तिने मला तोंडात बसवलं, आरशात पाहिलं आणि स्वतःच इतकी हसली की दादाजींना तिच्यासाठी पाणी आणावं लागलं.

सत्यवती वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमांत लहानाची मोठी झालेली. बाप गिरणीत, घरी पाच भावंडं, आणि ही चौदा एप्रिल आला की स्टेजवर. तिथूनच ती झाडीपट्टीत गेली. झाडीपट्टी म्हणजे नागपूरच्या पूर्वेकडचा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. दिवाळीनंतर धान घरात आलं की तिथे गावोगावी नाटकं लागतात, ती थेट होळीपर्यंत. गाडीवर भोंगा लावून गावभर ओरडत फिरायचे, 'नागपूरची सुप्रसिद्ध सिनेतारका सत्यवती!' बाईने जन्मात एक सिनेमा केला नव्हता. पण नागपूरहून आली म्हणजे सिनेतारका, हा तिकडचा नियमच.

मी आले आणि सत्यवतीची भिंगरी मावशी झाली. लग्न जुळवत गावभर फिरणारी, थापाडी, गोड बोलणारी मावशी. तिची एंट्री सांगते, ऐका. ती स्टेजवर यायची आणि लोकांकडे पाठ करून उभी राहायची. मग हळूच वळायची. ओठ घट्ट मिटलेले. एक भुवई वर. लोक वाट पाहतायत, ती वाट पाहायला लावतेय. मी आत, ओठांच्या मागे, श्वास रोखून. आणि मग ओठ हळूहळू उघडायचे. बाप्पा! मंडप नुसता फुटायचा. ती अजून एक अक्षर बोललेली नसायची. मग ती सावकाश म्हणायची, "पोरगं लय चांगलं हाये जी. फक्त एकच गोष्ट हाये, त्याचं लगन झालेलं हाये!"

मला वाटायचं, हे सगळं माझ्यामुळे. वाटणारच. पोस्टरवरही मीच मोठी छापलेली असायचे. तिचा चेहरा कमी, दात जास्त. त्यामुळे गंमत अशी व्हायची की नाटक संपल्यावर ती मला काढून डबीत ठेवायची, तोंड धुऊन पब्लिकमधून चालत एसटीकडे निघायची आणि तिला कोणीही ओळखायचं नाही. तिला त्याची मजा वाटायची. "पाह्यलं, आपल्यालेच धक्का मारून पुढं गेला," म्हणत ती खुदूखुदू हसायची. माझी डबी सुपारीची होती. अजूनही मला सुपारीचाच वास येतो.

सत्यवतीला एकच लेक, नंदिनी. नवरा हिंगण्याच्या कारखान्यात पाळ्या करायचा. सीझन लागला की बाई गावोगावी, आणि घरी बाप-लेक. पोरगी आईविना वेणी घालायला शिकली.

आता ती दुपार सांगायलाच हवी. नंदिनी पाचवीत होती. सत्यवती झाडीपट्टीतल्या वडशाहून सकाळच्या गाडीने घरी आली, तर पोरीचा डबा ओट्यावरच राहिलेला. बाई तोंडही न धुता, झोळीसकट शाळेत गेली. मधली सुट्टी झाली होती. फाटकाशी पोरींचा घोळका, आणि समोरच्या भिंतीवर आमचंच पोस्टर. सत्यवतीने पोस्टर पाहिलं, पोरी पाहिल्या, आणि तिला राहवलं नाही. नाटकवाल्या माणसाला दहा जणं एका जागी दिसली की त्याचा पडदा आपोआप वर जातो. तिने डबीतून मला काढलं, तोंडात बसवलं आणि एकदम ओठ उघडले.

पोरी जमिनीवर लोळल्या. "भिंगरी मावशी! भिंगरी मावशी!" एकीने विचारलं, "नंदिनी, हे तुही आई हाये?"

नंदिनी लाल झाली होती. तिने खाली पाहिलं. "नाही. माही आई नाही. शेजारची बाई हाये."

मी तोंडात होते. मला सत्यवतीची जीभ कोरडी झालेली कळली. पण ती बाई नटी होती. तिने डबा पुढे केला आणि मावशीच्याच आवाजात म्हणाली, "हो वं पोरीहो, मी शेजारचीच हाये. हिच्या आईनं डबा देला, तो आणला." मग ती वळली आणि घरापर्यंत चालत गेली, मला काढायचंही विसरून. रस्त्यात लोक तिच्याकडे पाहून हसत होते.

त्या दिवसानंतर तिने मला स्टेजबाहेर कधी घातलं नाही. आणि नंदिनीने आईचं नाटक पाहायचं नाव काढलं नाही. एकदा थंडीत कामठीला आमचा प्रयोग होता. हातमाग चालवणाऱ्यांच्या मंडळाने ठेवलेला. घराजवळच, म्हणून नंदिनीचे बाबा आले होते. मी त्यांना स्टेजवरून पाहिलं, दुसऱ्या रांगेत, बाजूला चादरीचं एक गाठोडं घेऊन बसलेले. प्रयोगानंतर सत्यवतीने तोंडातून मला काढायच्या आधी पहिला प्रश्न केला, "अजी, नंदू आली काय?"

ते वाकून चपलेचा पट्टा लावू लागले. "घरी हाये," म्हणाले.

सत्यवतीने मान हलवली. पुढे इतक्या गावांत इतकी माणसं हसली, पण दर प्रयोगाला पडद्याच्या फटीतून ती आधी दुसरी रांग पाहायची. मला माहीत आहे ती कोणाला शोधायची. हसून हसून पोट दुखलेली हजार माणसं समोर असली तरी एक माणूस नसला की खुर्ची रिकामी दिसतेच.

दिवस गेले. नंदिनीचे बाबा गेले. सत्यवतीचे गुडघे गेले, मग साखरेने तिचे दात गेले. ते सरळ, सुंदर दात, ज्यांच्यावर मी आकडे अडकवून उभी राहायचे, ते एकेक करून पडले. मग तिला पूर्ण कवळी बसवली. ती कवळी रोज पाण्याच्या ग्लासात डुंबते आणि स्वतःला फार सभ्य समजते. माझ्याकडे बघतही नाही. मी आपली सुपारीच्या डबीत, शोकेसच्या वरच्या कप्प्यात, जुन्या फोटोंच्या मागे.

नंदिनी शिक्षिका झाली. कडक बाई. पोरं तिला घाबरतात. पण एक गोष्ट मी शोकेसमधून वर्षानुवर्षं पाहिली. ती हसली की तोंडावर हात ठेवते. एकाही फोटोत तिचे दात दिसत नाहीत. आईचं सगळं करते हो, औषध, पथ्य, पायाला तेल. नाटकाचा विषय निघाला की मात्र भांडी घासायला उठते.

आणि मागच्या महिन्यात निमंत्रण आलं. एका नाट्यमंडळाने जुन्या कलावंतांचा सत्कार ठेवला होता, नागपुरातच. सत्यवतीने कवळी घातली, पांढरी साडी नेसली, निळ्या काठाची. मग शोकेस उघडून मला काढलं आणि डबी नंदिनीच्या पर्समध्ये सरकवली.

"कायले वं आई? ते आता तुले घालता येत नाही."

"राहू दे ना. जन्मभर माह्यासंग राह्यली बिचारी. तिलेबी सत्कार पाहू दे."

मी पर्समध्ये आनंदाने खुळखुळले.

डबीतल्या मला पुढे दोघींच्या बोलण्यातून कळलं ते असं: सभागृहाच्या दारावर भला मोठा फलक होता. त्यावर कोण? मीच! पंचवीस वर्षांपूर्वीचा फोटो, ओठांबाहेर आलेले फावडे दात, आणि खाली 'आपली लाडकी भिंगरी मावशी'. दाराशी चंपतराव नावाचे एक गृहस्थ छातीला बिल्ला लावून उभे होते. त्यांनी हात आडवा केला.

"आजी, पुढच्या रांगा पाहुण्याईसाठी हायेत. तुम्ही मागं बसा."

"पाहुणेच आहोत आम्ही," नंदिनी म्हणाली.

"ताई, रागावू नका. भिंगरी मावशी येऊन राह्यल्या, त्याहीले मलेच घेऊन जायचं हाये. लहानपणी मी त्याहीच्या नाटकात हसता हसता झाडावरून पडलो होतो! लाखात वळखतो मी त्याहीले." ते आमच्या डोक्यावरून रस्त्याकडे पाहत होते. मग सहज विचारलं, "तुम्ही कोण, आजी?"

सत्यवतीने फलकाकडे पाहिलं. मग नंदिनीकडे. आणि थकलेल्या, पण हसऱ्या आवाजात म्हणाली, "मी शेजारची बाई हाये, बाबू."

ती चिडून बोलली नव्हती. टोमणाही नव्हता. जन्मभर कोणी ओळखलं नाही की ती असंच काहीतरी म्हणून पुढे जायची. पण नंदिनीने पर्स छातीशी ओढली, ते मला आतून कळलं. पर्सची चेन उघडली. डबी उघडली. उजेड आला. वर नंदिनीचे डोळे होते, डबडबलेले. तिने मला बाटलीच्या पाण्याने धुतलं, पदराने पुसलं. मला वाटलं, चंपतरावांना दाखवणार.

तिने पाठ केली आणि मला स्वतःच्या तोंडात घातलं.

अगं बाई! मी बसले. अगदी बसले! तारेचे आकडे त्याच जागी, तोच जबडा, तीच वळणं, दादाजींनी हिचंच माप घेतलं होतं की काय असं. इतकी वर्षं डबीत कुढत होते आणि माझं घर माझ्या समोरून रोज शाळेत जात होतं.

नंदिनी हळूच वळली. ओठ घट्ट मिटलेले. एक भुवई वर. चंपतराव पाहत राहिले. तिने त्यांना वाट पाहायला लावली, आणखी थोडी, आणि मग ओठ सावकाश उघडले.

मागून सत्यवतीचा आवाज आला, जुना, खणखणीत, मावशीचा. "पोरगं लय चांगलं हाये जी. फक्त एकच गोष्ट हाये..."

"त्याचं लगन झालेलं हाये!" चंपतराव ओरडले आणि हसत हसत पायरीवरच बसले. आजूबाजूची माणसं धावली, त्यांनी पाहिलं, तीही हसायला लागली. नंदिनीने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हे भिंगरी मावशी हाये. माही आई. माही आई हाये हे!" माझ्यामुळे तिचे शब्द बोबडे येत होते, पण एकानेही चुकीचे ऐकले नाहीत.

आणि सत्यवती? स्टेजवर जन्मात न हसलेली ती बाई अशी हसली की तिची सभ्य कवळी सुटली आणि तिला ती हाताने धरावी लागली. मग हसणं थांबलं. तिने लेकीचा दंड धरला.

"नंदू, ते पाठ करून उभं राहणं... तुले कसं ठाऊक वं? तू तर कधी पाह्यलं नाही."

नंदिनीने खाली पाहिलं, पाचवीत पाहिलं होतं तसंच. "कामठीले. बाबासंग आली होती. चादर डोक्यावरून घेऊन, गाठोडं होऊन बसली होती मी. कोणाले सांगाचं नाही म्हणून त्याहीले शपथ घातली."

"आन् मंग?"

"मंग काय? चादर तोंडात कोंबून हसून राह्यली होती मी, आई. लय हसली."

सत्यवतीने लेकीचा हात पकडला आणि दोघी पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

तर आता मी अशी आहे. शोकेसमध्ये फोटोंच्या मागे नाही, पुढे. त्या ग्लासातल्या कवळीच्या शेजारीच, आणि आता तीही माझ्याकडे पाहते. माझी तार सैल झालीय, रंग पिवळा पडलाय, पुन्हा स्टेजवर जायचा माझा हट्ट नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरात कोणी लोकांना हसवत असेल, तर एकदा तरी समोर जाऊन बसा. चादर घेऊन बसलात तरी चालेल, पण घरी आल्यावर सांगा.

सत्यवती हल्ली बरंच विसरते. पण रोज संध्याकाळी, नंदिनी शाळेतून आली की, चहाचा कप हातात घेऊन एक प्रश्न हमखास विचारते.

"नंदू, कामठीले तू कुठं बसली होती वं?"

"दुसऱ्या रांगेत, आई."

"आन् हसली होती?"

"हो वं," नंदिनी म्हणते आणि हसते, आणि तिचा हात आता तोंडाकडे जात नाही.