धोंडाबाईचे उरलेले उपास

घट बसल्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णारावांनी निलंग्याच्या स्टँडवर कांदाभजी खाल्ली आणि पुढं घरात जे जे झालं त्याचं खापर त्या भज्यांवर फुटलं.

नवरात्रात घरात कांदा चिरत नव्हते. पण स्टँडवर कढई तापलेली असताना माणसानं बघायचं तरी कुठं? वासावरून बायकोपुढं चोरी उघडी पडली. धोंडाबाई त्या दिवशी काही बोलली नाही. तिसऱ्या माळेला साहेबरावांच्या रानात सोयाबीन कापताना तिच्या पोटात आग पडली, तेव्हा बोलली.

"तुमी कांदा खाल्ला अन् आई माझ्यावर कोपली."

त्या सांजेपासून अण्णारावांच्या ताटातली भाकरी गेली, भगर आली. तरी आग थांबेना. चौथ्या माळेला त्यांच्या चपला काढून घेतल्या. बायकोच्या पोटात जितकी जळजळ वाढे, तितकं नवऱ्याचं व्रत कडक होई. आता तंबाखूची चंची तेवढी शिल्लक होती, आणि तिच्याकडंही धोंडाबाई बघायला लागली होती.

धोंडाबाई म्हणजे बारा बायकांच्या टोळीची मुकादम. वय साठीला टेकलं, गुडघे दोन वर्षांपासून कुरकुरतात, पण कापणीची पहिली पात, म्हणजे पहिली ओळ, तिचीच. ती पात सोडली तर टोळीतली रुक्मिणबाई धरणार, आणि धरलेली पात रुक्मिणबाई जन्मात सोडणार नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. म्हणून नऊ दिवस अनवाणी, दिवसभर नुसता कोरा चहा, दिवे लागले की मूठभर भगर, आणि सोयाबीनच्या खुंटांतून उकिडवं बसून कापणी.

पाचव्या माळेला ती पातीतच पोट धरून खाली बसली. तोंड पांढरं पडलेलं. मागं कापलेलं सोयाबीन गोळा करणाऱ्या अण्णारावांना आधी आपली भाकरी आठवली, हे खोटं कशाला सांगा, पण मग तिच्या कपाळावरचा घाम बघून ते हातातलं टाकून धावले. चाळीस वर्षांत ही बाई काम टाकून बसलेली त्यांनी पाहिली नव्हती. नाही नाही म्हणत असताना तिला ऑटोत घालून त्यांनी सरकारी दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टर गीतांजली मॅडमनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "मावशी, गोळ्या कोणत्या खाता?"

धोंडाबाईनं कमरेची पिशवी सोडली. बीपीची एक गोळी, आणि दुखण्याच्या गोळ्यांचा कागदी पुडा. उन्हाळ्यात याच मॅडमनी गुडघ्याला म्हणून पाच दिवसांच्या दिल्या होत्या. त्या संपल्यावर रामलिंगच्या किराणा दुकानातून, बिस्किटाशेजारच्या बरणीतून, रोज एक चालू होती. कापणी लागल्यापासून दोन.

"जेवून घ्यायची सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं की. पर उपासात जेवायचं कसं? मग चहासंगट घेऊन राहिले."

मॅडमनी डोक्याला हात लावला. शौचाला डांबरासारखं काळं होतं का, ओकारीत रक्त, तोंडाला-पायाला सूज, लघवी कमी, असं सगळं विचारलं. नाही म्हटल्यावर रक्त तपासायला घेतलं. या गोळीनं सांध्याची सूज उतरते, पण उपाशीपोटी आणि महिनोन्‌महिने खाल्ली तर पोटात जखम करते, किडनीला त्रास देते, त्यात बीपीवाल्यांनी तर विचारल्याशिवाय हात लावू नये, असं त्यांनी समजावलं. ती गोळी बंद. पोटाचं औषध, गुडघ्याला शेक, आठ दिवस उकिडवं बसायचं नाही, आणि दोन्ही वेळा जेवण.

"मंजी कांद्याचं न्हाई?" अण्णारावांनी जपून विचारलं.

"कांद्याचा काय संबंध?"

अण्णाराव तीन दिवसांत पहिल्यांदा ताठ उभे राहिले.

परतताना गावाची कमान आली तशी धोंडाबाई म्हणाली, "उपास मोडता येत न्हाई. पर घरच्या माणसानं पुरं केलं तर आईला चालतंय."

घरात माणसं दोनच होती.

सहाव्या माळेपासून धोंडाबाई बांधावर बसून टोळीला हुकूम सोडू लागली, दुपारी दही-भाकरी खाऊ लागली. आणि रुक्मिणबाईच्या पुढं, पहिल्या पातीत, अनवाणी, उपाशी अण्णाराव विळा चालवत होते.

आठव्या माळेला त्यांचे गुडघे धरले. बसवेना, उठवेना. घरी न सांगता ते रामलिंगच्या दुकानात गेले आणि एक गोळी मागितली. रामलिंगनं बरणीकडं हात नेला आणि थांबला.

"जेवलाव का?"

"उपास हाय."

"मग न्हाई जमायचं. धोंडाकाकू परवाच दम देऊन गेल्यात. उपाशी माणसाला गोळी दिली तर दुकानापुढं बसते म्हणल्या."

अण्णाराव लंगडत घरी आले. धोंडाबाई ओट्यावर गुडघ्याला मिठाचा शेक घेत बसली होती. तिनं त्यांच्या चालीकडं पाहिलं. मिठाचं गरम गाठोडं आपल्या गुडघ्यावरून काढून त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं, आणि डॉक्टरीणबाईनं सांगितलंय म्हणून, त्यांच्यासमोरच भाकरी मोडायला घेतली.