खड्ड्यातला आवाज

मंचावर सगळे गोमाजींभोवती जमले होते. गोमाजींनी तिसऱ्यांदा ओठ हलवले. श्वास आला, शब्द आला नाही; घसा पार बसला होता. मग गळ्याभोवतीचा दुपट्टा सारखा करून त्यांनी नाटकाची वही मांडीवर मिटली.

आसगावात बैलांच्या शर्यतीचा पट भरला होता आणि सायंकाळी नाटक होते. झाडीपट्टीतला नट पाठ करून येत नाही. हंगामात रोज नवे गाव, कधी नवे नाटक. सारी भिस्त मंचासमोरच्या खड्ड्यात बसून वाक्य पुरवणाऱ्या प्रॉम्प्टरवर. चाळीस वर्षे त्या खड्ड्यात गोमाजी बसत आले होते. आज तो रिकामा होता. आणि आजच त्यांची पुतणी तृप्ती पहिल्यांदा नायिका होणार होती.

तिचे वडील आनंदराव विंगेशी उभे होते. मागच्या फलकावर त्यांचाच चेहरा होता, बैलबंडीच्या चाकाएवढा. त्यांचे आजोबा दंडारीत नाचले, वडिलांनी ऑर्गन वाजवला. आनंदराव नवव्या वर्षी लुगडे नेसून राणी झाले, मिसरूड फुटल्यावर राजा, आणि पुढे असे खलनायक की पवनीच्या बाजारात बाया त्यांना पाहून तोंड फिरवत. मग मुंबईची मालिका आली. पहिल्याच दिवशी कॅमेरा सुरू झाला आणि ते थांबले. वाक्य पाठ होते. पण खालून भावाचा आवाज यायचा होता. तो इथे येणार नाही, हे उमगायला दोन क्षण लागले. दिग्दर्शक खुर्चीतून उठला आणि म्हणाला, काय विराम घेतलात. त्या विरामावर पुढे चार मालिका आणि दोन चित्रपट उभे राहिले. ही चूक आनंदरावांनी फक्त गोमाजींना सांगितली. ते पोट धरून हसले होते. “म्हंजे तिथंबी मीच होतो, बावा.”

“निकेशले बसवून देऊ खड्ड्यात,” पडदा ओढणाऱ्या पोराकडे बोट करत मंडळाचे अध्यक्ष भैय्याजी म्हणाले.

“निकेश मोबाइलबी अटकत अटकत वाचते,” तृप्ती म्हणाली. “राहू द्या. माझे दोन प्रवेश मले येतात. बाकीचं पाहून घेऊ.”

तिला चौदा प्रवेश होते.

आनंदरावांनी भावापुढे हात केला. गोमाजींनी वही लगेच सोडली नाही. आधी एक पान उघडून बोट ठेवले. समासात जुन्या शाईचे ठिपके होते: आनंद इथे श्वास घेतो, इथे थांबतो. त्यांच्याशेजारी हिरवे, ताजे ठिपके. गेले दोन हंगाम तृप्ती लहानसहान भूमिका करत होती. ती कुठे घाई करते, कुठे तिचा सूर चढतो, हे सारे खड्ड्यातून टिपलेले होते. आनंदराव ते पान पाहत राहिले. मुंबईत शाल आणि मानचिन्ह घेतानाही त्यांचा ऊर असा भरून आला नव्हता.

त्यांनी आपल्या आजच्या भूमिकेतली सावकाराची मिशी निकेशच्या हातात ठेवली. “माझा पार्ट तू कर. हळू चाल अन् पापणी हलवू नको. बाकी मी देतो.”

“बाबा, तुमी काहून खाली बसता?” तृप्तीने त्यांची बाही धरली. “लोक तुमाले पाहाले येऊन राहिले.”

“तू समोर पाहाय. खड्ड्यात नको पाहू.”

भैय्याजींनी कपाळ पुसले. “अहो, लाखांदूरवरून लोक एसटीनं येऊन राहिले. फलकावर तुमी, अन् मंचावर निकेश? टीव्हीवाला मानूस कुठं गेला म्हनून विचारतीन, त म्या काय सांगू?”

आनंदरावांनी वही काखेत घेतली. गोमाजींची जुनी बॅटरी उचलली, पेटवून पाहिली, विझवली. मग राजाच्या भूमिकेत चालत, तशी ताठ मान ठेवून, ते मंचाच्या पायऱ्या उतरले आणि खड्ड्याकडे निघून गेले.