न कापलेली सोळा पानं

मला न वाचताच माझ्यावर 'मुलांस अयोग्य' असा शिक्का मारला गेला. ज्या तिघांनी कागदावर 'संपूर्ण वाचले' लिहून सह्या केल्या, ते खोटं बोलले. मित्रांनो, हे मी तोंडावर सांगते, कारण पुरावा माझ्या अंगावरच आहे.

मी एक जुनी कादंबरी आहे. माझ्यातल्या शहरात शिरताना प्रत्येकाला आपली सावली पहारेकऱ्याकडे ठेवावी लागते. सावली गेली की माणूस आपल्या माणसांना विसरतो. एक मुलगी भावाची सावली परत आणायला काळ्या तळघरात उतरते. छापखान्यात माझी बांधणी झाली तेव्हा शेवटची सोळा पानं कापायची राहिली. ती कडेला एकमेकांना जोडलेलीच आहेत. पट्टीच्या धारेने ती कापल्याशिवाय गोष्टीचा शेवट कुणालाच कळणार नाही.

शाळेच्या वाचनालयात मी अनेक वर्षं डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली काढली. त्यामुळे कुणी हात लावला की मला आधी संशयच येई. आठवीतल्या त्या मुलीने मला उचललं तेव्हाही आला. उंच, किडकिडीत म्हणून वर्ग तिला 'काडी' म्हणायचा. वाटलं, हीसुद्धा पानाचे कान दुमडणार. पण तिने ओढणीने माझी धूळ पुसली आणि वाचायला बसली ती बसलीच. मधल्या सुट्टीची घंटा झाली, सुट्टी संपली, तिला पत्ता नाही.

घरी तिने गॅसवर दूध ठेवलं आणि मला उघडलं. दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली आलं. शिवणाच्या मशीनवरून आई उठली.

"हाका मारून घसा बसला माझा. काय पुरून ठेवलंय गं त्या पुस्तकात?"

"थांब ना आई, ती जिना उतरतेय."

"कोण उतरतेय?"

आईने जिन्याकडे पाहिलं. जिन्यात कुणी नव्हतं. मग तिने माझ्या मुखपृष्ठावरची बिनमाणसाची सावली पाहिली, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

जोडलेल्या पानांपाशी काडी अडकली. तिच्या दप्तरात पट्टी होती. पण पुस्तक वाचनालयाचं, विचारल्याशिवाय कसं कापायचं? तिने ग्रंथपालबाईंना विचारलं. उद्या आण, मीच कापून देते, असं बाई म्हणाल्या. तो उद्या उजाडला तेव्हा मी मुख्याध्यापिकांच्या टेबलावर होते. आई मला तिथे ठेवून तक्रार करून गेली होती. तिला मी दोष देत नाही. ती घाबरली होती, आणि मला वाचल्याचा आव तिने आणला नाही.

मुख्याध्यापिकांनी मला तपासायला नेमलेल्या तिघांचा अहवाल आठवड्याने आला. त्यात लिहिलं होतं, 'शेवट विशेष घातक आहे.'

काडीने मुख्याध्यापिकांना एवढंच विचारलं, "मॅडम, शेवटी भाऊ तिला ओळखतो का?"

"असल्या गोष्टींचा शेवट वाईटच असतो."

"पण मॅडम, ती पानं अजून जोडलेलीच आहेत."

ग्रंथपालबाई खाली बघत होत्या. काडीला उद्धट ठरवलं गेलं आणि तिचं वाचनालयाचं कार्ड काढून घेतलं.

तेव्हापासून मी लोखंडी कपाटात आहे, फुटका पृथ्वीगोल आणि जुन्या उत्तरपत्रिका यांच्या मध्ये. किल्ली फिरली की मी दचकते. परवा ग्रंथपालबाईंनी मला बाहेर काढलं. त्यांच्या हातात पट्टी होती. व्हरांड्यात पावलं वाजली तशी त्यांनी मला घाईने परत कोंबलं. बाई कुणाच्या बाजूच्या, मला अजून कळलेलं नाही.

मित्रांनो, मला कव्हर घालू नका, वाळवीची पावडर टाकू नका. पुस्तकाची निगा एकाच गोष्टीने राहते, ती म्हणजे कुणीतरी ते शेवटपर्यंत वाचणं. काडी तेच करत होती. आता ती वर्गात बसून शेवटाचा अंदाज बांधत असेल, आणि तो कुणाला सांगायचीही तिला चोरी.

आणि सह्या करणाऱ्यांनो, तुम्ही तिघे आहात, ती एकटी आहे. 'संपूर्ण वाचले' ना? मग तिच्यासमोर उभे राहा आणि सांगा: शेवटी भाऊ बहिणीला ओळखतो की नाही?