ज्या नावाने मी हाक मारली

तारेवर वाळत घातलेला पांढरा शर्ट.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सामन्यात एका गुणाने झालेली हार.

पाण्याखाली गेलेला रस्ता.

पांढरी माती फासलेली कपाळे.

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. ऑस्ट्रेलियाच्या लाल वाळवंटात, पोलिसांच्या गाडीच्या टपावर माझे आयुष्य गेले. हे सारे मी तिथूनच पाहिले. माझा आवाज माझा नसतो. जो माइक धरील त्याचा असतो. हे मी सबब म्हणून सांगत नाही.

एके काळी माझे कौतुक होई. सामन्याचे गुण मीच सांगायचो. नदी फुगली तेव्हा "टेकडीवर चढा!" असे मीच ओरडलो आणि आदिवासींची सारी वस्ती वाचली. वस्तीतल्या म्हाताऱ्या डल्सी मावशीने तेव्हा माझ्या तोंडावरचा चिखल आपल्या झग्याने पुसला होता.

मग वस्तीतला एक म्हातारा वारला. इथे गेलेल्याचे नाव घेत नाहीत. दुखवटा सरेपर्यंत त्याच्या नावाच्या जिवंत माणसालाही त्या नावाने हाक मारत नाहीत. डल्सी मावशीचा नातू नेमका त्याच नावाचा होता. त्या दिवशी शहरातल्या कोर्टात त्याची तारीख होती. परवान्याशिवाय गाडी चालवली, एवढाच गुन्हा. पण तारीख चुकली तर तुरुंग.

सार्जंट प्रेविट नवा होता. पाहुण्याने वस्तीच्या कडेला बसायचे, कुणी बोलावले की मग आत जायचे, ही इथली रीत. त्याने गाडी थेट दुखवट्याच्या तळात, कपाळाला पांढरी माती फासून बसलेल्या माणसांत घातली, माइक उचलला आणि कोर्टात न्यायला नातवाला पूर्ण नावाने हाक मारली. पुन्हा मारली.

ते नाव माझ्या गळ्यातून गेले. बायकांनी हंबरडा फोडला. नातू वळला आणि वाळवंटात चालता झाला. तारीख चुकली, अटकेचे वॉरंट निघाले.

त्यानंतर आम्ही दिसलो की दारे लागत. मुले मला दगड मारत. लागत नसे, लाज वाटे.

शेवटी सार्जंट वस्तीच्या कडेला झाडाखाली जाऊन बसला. मावशीने त्याला दुपार कलेपर्यंत ताटकळत ठेवले.

"मावशी, मला ठाऊक नव्हतं."

"मग विचारायचं होतंस! तुझ्या या भोंग्याला नुसतं तोंड आहे, कान नाहीत. तूही तसलाच का रे?"

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आधी याला उतरव. मग सांगते पोरगा कुठंय. पायी जायचं. आणि बेड्या इथंच ठेव, त्यांना चालता येत नाही."

त्याने स्वतः पाना घेऊन मला उतरवले. मावशीही त्याच्याबरोबर गेली. सांज होता होता तिघे चालत परत आले, नातू मध्ये, हात मोकळे. "चूक माझी होती, पोराची नव्हे," असे सार्जंटने पुढे कोर्टात सांगितले म्हणे.

आता मी चौकीमागच्या पत्र्याच्या खोलीत पडून असतो. मला पुन्हा बसवा, असे मागायला माझे तोंड नाही. मित्रांनो, तुमच्या हाती कधी माझ्यासारखा भोंगा आला तर आधी खाली उतरा. झाडाखाली बसा. बोलावीपर्यंत थांबा.

मी हाक मारली तेव्हा तो पोरगा पांढरा शर्ट घालून, कोर्टात जायला, चौकीकडेच निघाला होता.